रंग न घेतलेली जागा

सगुणानं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, पदराच्या टोकानं चष्मा पुसला आणि पुन्हा डोळा लावला. चष्मा स्वच्छच होता. खालचं चित्रही तेच होतं. फिकट गुलाबी कांड्या, आणि प्रत्येक कांडीच्या पोटात दोन-दोन, तीन-तीन काळेभोर गोल ठिपके, शेंग उजेडात धरली की आत दाणे दिसावेत तसे. सुदान ब्लॅक हा रंग स्निग्ध पदार्थालाच धरतो, बाकी कशाला धरत नाही. म्हणजे हे ठिपके त्या जिवाणूंनी पोटात बाजूला काढून ठेवलेलं खाणं होतं. यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. पुस्तकात असतं तसंच होतं. पण दहा मिनिटांपूर्वी, केवळ रिवाज म्हणून, त्याच नळीतल्या त्याच जिवाणूंची तिनं नेहमीच्या रंगानं एक काच केली होती आणि धड न बघताच बाजूला ठेवली होती. ती काच तिनं आता भिंगाखाली सरकवली. त्याच गुलाबी कांड्या. जिथे आत्ता काळं होतं तिथे या काचेवर काहीच नव्हतं. रंग न घेतलेल्या, उजेड आरपार जाणाऱ्या पांढऱ्या जागा. भोकं. आणि ही भोकं तिनं पूर्वी पाहिली होती. ओळखीचं माणूस रस्त्यात पाठमोरं दिसलं तरी ओळखू यावं, तसं झालं. चौऱ्याऐंशी सालचा मार्च महिना, हेच टेबल, हीच खिडकी. तेव्हा ती या जागांना रिकाम्या म्हणाली होती; नुसतं रिकाम्या नव्हे, त्याहून वाईट काहीतरी म्हणाली होती, आणि ते लिहून खाली सही केली होती.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतली ही प्रयोगशाळा तशी लहानच. कडधान्यांच्या मुळांवर गाठी करून राहणारे जिवाणू इथे वाढवतात. ते हवेतला नत्र झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. इतका साधा संसार. ते काचेच्या मोठ्या चंबूंत वाढवायचे, कोळशाच्या भुकटीत कालवायचे आणि पाव-पाव किलोची पाकिटं भरून शेतकऱ्यांकडे धाडायची. पेरणीआधी गुळाच्या पाण्यात भिजवून बियाण्याला चोळायचं. सगळ्यांत चांगला वाण वी-अकरा. तो आंबिवलीच्या एका वालाच्या शेतातून आणलेला, एका रोपाच्या मुळावरच्या मसुराएवढ्या गाठीतून. गाठ ब्लेडनं कापली तेव्हा आतून रक्तासारखी लाल निघाली होती, असं अण्णा सांगायचे. अण्णा म्हणजे तेव्हाचे प्रमुख. आणि वी-अकरा एका नळीतून दुसऱ्या नळीत उतरवून वर्षानुवर्षं जिवंत ठेवण्याचं काम तेव्हा मालू करायची. मालू कोपरीची, खाडीकाठच्या कोळ्यांतली, चौथी शिकलेली. तिला बाटल्या धुवायला घेतलं होतं. पण ती बाटली ज्या तऱ्हेनं धरते ते अण्णांनी पाहिलं आणि एक दिवस तिच्या हातात जिवाणू उचलायची तारेची कडी दिली. तार दिव्यावर लाल करायची, मनात दहा मोजायचे, नळीचं बूच करंगळीत धरून काढायचं, तोंड ज्योतीवरून फिरवायचं, तार आत, बाहेर, दुसऱ्या नळीत, बूच. सगुणा नवी पदवी घेऊन आली तेव्हा तिच्या दहांतल्या तीन नळ्यांवर बुरशी यायची. मालूच्या शंभरातली एक बिघडत नसे. "बाई, तुमच्या हाताला घाई हाय," मालू म्हणायची. "हाताला सांगायचं, गाडी चुकली तं चुकली, दुसरी येल." अण्णा म्हणायचे, पोरीला हातगुण आहे. मालूला त्याचं नवल वाटत नसे. ते तिला ठाऊकच होतं. वेल लावायचा असला, नव्या मडक्यात पहिलं विरजण घालायचं असलं, की कोळीवाड्यात तिला बोलावणं यायचं. तान्ह्या बाळाला पहिलं तेल तीच लावायची. "मना सासूनं पसंत केली ती हात बघून," ती एकदा बाटल्या पालथ्या घालता घालता म्हणाली होती. "तोंड मंग बघितलं. तवर उशीर झालेला." आणि आपल्याच बोलण्यावर इतकी हसली होती की अण्णांनी आतून, काय फुटलं, म्हणून विचारलं.

सगुणानं दोन्ही काचा शेजारी-शेजारी ठेवल्या. उघड्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसत होत्या, बोटाएवढी काच आणि मधोमध एक मळकट डाग. त्या मार्चमध्ये यीस्टचा अर्क संपत आला होता. जिवाणूंना नत्र मिळतो तो त्या अर्कातून. मुंबईहून माल आला नव्हता, म्हणून अण्णांनी सांगितलं, अर्क निम्मा घाला, साखर तेवढीच राहू द्या, बघू. मालूनं तसं केलं. सहाव्या दिवशी सगुणानं काच रंगवली आणि तिला भोकं दिसली. कल्याणच्या कॉलेजात ती शिकली होती: पेशीच्या पोटात रंग न घेतलेली जागा दिसली की तो बीजाणू. आपला जिवाणू असं टणक कवचाचं बीज करतच नाही, म्हणजे हा आपला नव्हेच, हा धुळीतला कोणी उपरा, माल बाटला. खात्री करायला दुसरा एक हिरवा रंग असतो, तो वाफेवर चढवावा लागतो. गॅसची टाकी संपली होती, दुसरी उद्या येणार होती. आणि पाकिटांचा ट्रकही उद्याच सुटणार होता. "नक्की?" अण्णांनी विचारलं होतं. ती बावीस वर्षांची होती. त्या खोलीत तिला प्रथमच कोणीतरी प्रश्न विचारून तिच्या उत्तरासाठी थांबलं होतं. "नक्की," ती म्हणाली. तिनं चिठ्ठीवर लिहिलं: वी-अकरा दूषित, कारण हाताळणीतून. अचूक शब्द वापरल्याचं तिला थोडं समाधानही वाटलं होतं. अण्णांनी ती चिठ्ठी पाकिटं भरणाऱ्या बायकांच्या टेबलापाशी उभं राहून मोठ्यानं वाचली, कारण भरणं थांबवायचं होतं. आणि एका बाईनं दुसरीला विचारलं, "काय म्हणतात?" दुसरी म्हणाली, "हातातून. मालूच्या हातातून काहीतरी गेलं." मालू मोरीपाशी उभी होती. तिनं आपले हात पाहिले, लुगड्याला पुसले, आणि काहीच बोलली नाही. अण्णांनी तारेची कडी तिच्याकडून घेतली आणि तिला पुन्हा बाटल्यांवर लावलं. त्या संध्याकाळी ती गेली ती परत आली नाही. ती काही बोलली नाही याचा अर्थ सगुणानं तेव्हा सरळ लावला होता. चूक कबूल असलेलं माणूस गप्प बसतं.

"काय सगुणाताई, किती मालदार निघाले आपले वी-अकरा?" सुधीरनं दारातूनच विचारलं. सुधीर आताचा प्रमुख, तिच्याहून आठ वर्षांनी लहान, बोलताना चालत राहायची सवय असलेला. लग्नानंतर तेरा वर्षं कोळशाची ओल आणि आम्लता मोजत बसलेल्या सगुणाला त्यानंच या महिन्यात पुन्हा सूक्ष्मदर्शकावर बसवलं होतं. त्यानं परदेशी नियतकालिकात एक लेख वाचला होता. तिकडे कोणी घेवड्याच्या जिवाणूची साठवण्याची शक्तीच काढून घेतली, तर तो जिवाणू झाडाला जास्त नत्र देऊ लागला. "म्हणजे बघा, झाड बिचारं साखर पुरवतंय, आणि हे गडी तिच्यातली थोडी आपल्या पोटात दडवतायत. आपल्याला कसे पाहिजेत? सगळं देऊन टाकणारे. आदर्श सुनेसारखे."

"आणि मूळ सापडेपर्यंत मातीत त्यांनी खायचं काय?" सगुणा म्हणाली.

"ते त्यांचं ते बघतील. पाकीट गेलं की आपण सुटलो." तो हसला, मग थांबला. "अहो, थट्टा केली. चेहरा काय झालाय तुमचा? बरं नाही का?"

"सुधीर, नत्र कमी पडला आणि साखर भरपूर असली तर हे काय करतात?"

"काय करणार, वाढ थांबवतात आणि साठवत बसतात. तुम्हाला माहीत नाही होय? का विचारताय?"

"काही नाही," ती म्हणाली. अर्क निम्मा, साखर पूर्ण. मालूच्या चंबूतले ते जिवाणू आजवर या इमारतीत झालेल्या कुठल्याही मालापेक्षा पोटभर होते. मे महिन्यातल्या पत्र्याच्या गुदामात, कोळशाच्या भुकटीत, महिने-महिने उपाशी राहूनही जे टिकले असते ते तेच. ती पाकिटं त्याच दिवशी विजेवरच्या वाफेच्या भांड्यात घालून मारली होती. भांड्याचं झाकण उघडल्यावर आलेला तो शिजलेल्या कोळशाचा, थोडा भाकरी करपल्यासारखा वास तिला आत्ता, बंद खिडकीच्या खोलीत, स्पष्ट आला.

घरी तिनं मोड आलेले वाल सोलायला घेतले. कोमट पाण्यात भिजलेल्या वालाचं साल बोटाच्या चिमटीत धरून हलकेच दाबलं की आतली डाळिंबी सुळकन बाहेर येते. सगळं घर दूरदर्शनसमोर बसलं होतं. सालांचा ढीग डावीकडे, डाळिंब्या उजवीकडे. तिला वाटत होतं की ती मालूचा विचार करते आहे, पण तसं नव्हतं. ती स्वतःची बाजू मांडत होती. बावीस वर्षांची होते. गॅस नव्हता. अण्णांना कळायला हवं होतं, ते मोठे होते. पुस्तकातच तसं होतं. आणि लिहिलं होतं ते हाताळणी. हात असं मी कुठे म्हटलं? हात आणि हाताळणी यांत अंतर आहे. एक माणसाचं अंग आहे, दुसरी एक पद्धत आहे, कुठल्याही शिकलेल्या माणसाला हे समजतं. इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग एक डाळिंबी चिमटीतून निसटून ताटात टणकन पडली आणि ताटाची मोकळी बाजू पांढरी, स्वच्छ चमकली, वरच्या ट्यूबलाइटची पांढरी रेघ त्यात दिसली, आणि सगुणाचे हात थांबले. एक ताटली होती. काचेची, बशीएवढी, झाकणाची. संशय आला की मालाचा थेंब त्या ताटलीतल्या खाद्यावर पसरून उबेत ठेवतात. उपरा जिवाणू असेल तर त्यावर एका दिवसात माजतो, आपला असेल तर जेमतेम उगवतो. ती ताटली तिनंच ठेवली होती, चिठ्ठी लिहिली त्याच सोमवारी. नियम म्हणून. गुरुवारी उबेचं कपाट उघडलं तेव्हा ताटली आरशासारखी कोरी होती. ट्यूबलाइटची रेघ तिच्यात वाकडी दिसत होती. पाकिटं तोवर मेली होती, मालू जाऊन तीन दिवस झाले होते. सगुणानं ताटली हातात धरली, फिरवली, उजेडात तिरकी केली, आणि स्वतःला सांगितलं की बीजाणू झोपलेले असतात, त्यांना उठायला वेळ लागतो. ते खरं नव्हतं. तीन दिवस कोणी झोपत नाही. हे तिला माहीत होतं. तिनं ताटली कोणाला दाखवली नाही. बाटल्या धुवायला कोणी नव्हतं, म्हणून तिनं ती स्वतः धुतली, दोनदा, आणि पालथी घातली. तेरा वर्षांत हे तिला एकदाही आठवलं नव्हतं. विसरलं असंही म्हणता येत नव्हतं, कारण आत्ता ते सगळं जसंच्या तसं होतं, ताटलीच्या काठावरचा उडालेला टवकासुद्धा. सोमवारी झाली ती चूक होती. गुरुवारी जे झालं त्याला काय म्हणायचं, यासाठी तिच्याकडे अचूक शब्द नव्हता. "आई, बिरडं आज की उद्या?" आतून कोणीतरी विचारलं. तिनं उत्तर दिलं असावं.

रविवारी सकाळी सगुणा काळ्या ठिपक्यांची काच टिशूच्या कागदात गुंडाळून पर्समध्ये घालून ठाण्याला गेली. काच कशासाठी घेतली ते तिला सांगता आलं नसतं. पुरावा न घेता कुठे जायची तिला सवय नव्हती, इतकंच. स्टेशनच्या पूर्वेला कोपरीतल्या गल्ल्यांत मागच्या बाजूनं खाडीचा ओला वारा येत होता. जुन्या कोळी घरांच्या मधेमधे चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्या गॅलऱ्यांत दोरीवर बोंबील वाळत होते. नळापाशी हंडा भरत असलेल्या एका बाईला तिनं विचारलं, इथे मालू कुठे राहते, डोंबिवलीला कारखान्यात होती ती, दामाजींची बायको. बाईनं हंडा सरकवला.

"कोन मालू? हाताची?"

सगुणाला वाटलं, आपल्याला ऐकू आलं नाही. "कोणाची?"

"हाताची मालू वो. ती बगा, तुळस हाय तो दरवाजा." आणि बाई वळून दुसरा हंडा लावू लागली. कोणाला लंगडा किंवा काळी म्हणावं तितक्याच सहज ती ते म्हणाली होती.

मालूनं तिला लगेच ओळखलं. ती वाळली होती, केस पुढून पांढरे झाले होते, पण दारात उभं राहायची तऱ्हा तीच, एक खांदा चौकटीला. "बाई! या ना. बसा. शेवंते, पानी दे गो." तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी आतून तांब्या-भांडं घेऊन आली. मुलीच्या दोन वेण्या घट्ट होत्या पण भांग वाकडा होता, एकटीनं आरशाशिवाय घातलेल्या वेणीसारखा. मग चहाही तिनंच केला, तिनंच आणला, बशीत मारीची बिस्किटं तिनंच मांडली. मालू समोर पाटावर बसली होती. तिचे दोन्ही हात पदराखाली होते. सगुणानं वाट पाहिली की ते केव्हातरी बाहेर येतील. माशी वारायला, पदर सारखा करायला. आले नाहीत. चहासुद्धा तिनं घेतला नाही. "मी मंग घेन," ती म्हणाली.

"काय करतेस हल्ली?"

"बँकेत लादी पुसते. सकाळची दोन तास. लादी पुसाला हातगुण लागत नाय." ती हसली. हसणं तसंच होतं, फक्त अर्ध्यात थांबलं.

सगुणानं ठरवून आणलेलं सगळं एका दमात सांगितलं. भोकं नव्हती, बीजाणू नव्हते. ते जिवाणूंनी साठवून ठेवलेलं खाणं होतं, आणि नेहमीच्या रंगाला ते दिसतच नाही. तुझा माल चांगला होता, सगळ्यांत चांगला. चूक माझी होती. ताटलीचंही सांगितलं. ते सांगताना तिचा आवाज बारीक झाला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या मुलीकडे तिला बघवेना. मालू ऐकत होती. मधे एकदाच म्हणाली, "ताटली कोरी होती?" आणि सगुणा हो म्हणाल्यावर तिनं मान हलवली. सगुणानं पर्समधून काच काढली, कागद सोडवला, आणि काय करतो आहोत हे न कळता पुढे धरली. किती वेळ ती तशीच धरून राहिली. मग पदराखालून एक हात बाहेर आला. मालूनं अंगठा आणि बोटानं काच कडेला धरली, अगदी नळी धरायची तशी, आणि दरवाज्याच्या उजेडात केली.

"काय दिसत नाय."

"असं नाही दिसायचं. भिंगातून काळे ठिपके दिसतात."

"ठिपक्यात त्यांचं खानं हाय म्हनता. ठेवतात कशाला?"

"उपासमार झाली तर म्हणून. मातीत पडले की मूळ सापडेपर्यंत काही मिळत नाही. तेवढ्यावर जगायचं असतं."

"आन् मूळ सापडलंच नाय तर?"

"तर तेच थोडंथोडं खातात. बरेच महिने. संपलं की मरतात."

 मालू काचेकडे बघूनच बोलली. "त्या म्हैन्यात माझ्या जावंचं पोर गेलं. दीड म्हैन्याचा. मीच तेल लावायची त्याला. तुमच्यातली ती पाकिटंवाली सखू इथलीच, तिनं येऊन सांगितलेलं, मालूच्या हातातून काय तरी जातंय, कारखान्यात यंत्रातून बघितलं. दोन दिवसांनी पोराला ताप आला. जाव काय बोलली नाय. कोनच काय बोललं नाय. तेल लावाला बोलवायची बंद झाली. विरजनाला बोलवायची बंद झाली. ही," तिनं हनुवटीनं मुलीकडे दाखवलं, "वर्साची पन नव्हती. हिला सासूच्या हवाली केली. न्हानं, खानं, वेनी, सगळं सासूनं केलं. दोन वर्सं झाली सासू गेली." तिनं काच किंचित तिरकी केली. "मी हात नाय लावला. लावला नाय म्हनून जगली, असं धरून चालले."

 सगुणानं विचार केला होता तो नोकरीचा. नोकरी गेली, मानहानी झाली, एवढाच. हाताळणी. तिचा तो अचूक, शुद्ध शब्द डोंबिवलीहून इथवर येताना कुठेतरी तुटला होता आणि त्याचा पहिला अर्धा भाग, हात, एवढाच या घरात येऊन राहिला होता. "मालू, तुझ्या हातात काही नव्हतं. कधीच काही नव्हतं."

"मंग जावंचं पोर कशानं गेलं?"

तिला कारणं ठाऊक होती. दीड महिन्याचं मूल तापानं जातं त्याची दहा कारणं तिनं मोजून दाखवली असती. दहा म्हणजे एकही नाही. "मला माहीत नाही," ती म्हणाली.

मालूनं प्रथमच सरळ तिच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, भाव करताना गिऱ्हाइकाकडे बघतात तसं. "तवा बरं म्हाईत होतं तुमाला."

 मालूनं काच परत दिली, हात पुन्हा पदराखाली गेला. "चा गार झाला तुमचा," ती म्हणाली. "शेवंते, बाईंना रस्त्यापर्यंत सोड. उगा गल्ल्यांत फिरत बसतील."

मुलगी पुढे चालत होती, वाकडा भांग सगुणाच्या डोळ्यांसमोर. नळ मागे पडल्यावर ती वळली. शाळेत बोलतात तसं नीट बोलत होती. "तुम्ही म्हणालात ते खरं आहे ना? आईच्या हाताला काही नाही ना?"

"काही नाही. शपथ घेऊन सांगते."

"मला माहीत होतं," मुलगी म्हणाली. "दुपारी मी झोपले की ती येऊन बसते. केसांवरून हात फिरवते, पायाला पण. मग तळवे हुंगते माझे. तिला वाटतं मी झोपलेली असते." तिनं नाक वर ओढलं. "मी हलत नाही. हलले तर उठून जाईल ना ती." आणि मोठा रस्ता आला तसं तिनं हातानं स्टेशन दाखवलं आणि पळत मागे गेली.

सोमवारी सुधीर यायच्या आधी सगुणा प्रयोगशाळेत आली. माळ्यावरची चौऱ्याऐंशीची नोंदवही काढायला तिला स्टुलावर चढावं लागलं. पान सापडलं. स्वतःचं बावीस वर्षांचं अक्षर, टोकदार, प्रत्येक शब्दावरची रेघ पट्टीनं ओढल्यासारखी. तिनं ती नोंद खोडली नाही. खाली आजची तारीख घातली आणि लिहिलं: ही नोंद खोटी आहे. माल शुद्ध होता. गुरुवारी ताटली कोरी आढळली, तपासणाऱ्या व्यक्तीनं ती लपवली. हाताळणी निर्दोष, मालू दामाजी, कोपरी. आणि सही केली. नाव लग्नानंतर बदललं होतं, म्हणून कंसात जुनंही घातलं. सुधीर आला तेव्हा वही उघडीच होती. त्यानं उभ्या-उभ्या वाचलं. "हे आणि काय? तेरा वर्षांपूर्वीचं! कोण वाचणार आहे हो?" "तू वाचलंस," ती म्हणाली. "आता टंकून घे. एक प्रत मला हवी, तुझ्या सहीची, शिक्क्यासकट. कोपरीला न्यायची आहे."  सुधीर टाइपरायटरकडे गेला.

पर्समधली काच कागदात होती. ती धुवायला टाकावी म्हणून सगुणानं सोडवली आणि खिडकीशी नेली. मळकट डागाच्या बाजूला, मोकळ्या काचेवर, एक पुसट धुरकट ठसा होता. अंगठ्याचा. तिनं विचार केला नाही. हातानं सवयीनं बाटली उचलली. सुदान ब्लॅकचे चार थेंब, पंधरा मिनिटं थांबणं. तिनं घड्याळ लावलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. कातडीवरही तेल असतंच, प्रत्येकाच्या, कोणी तान्ह्याला लावो न लावो. मग नळाच्या बारीक धारेखाली काच धरली. काळं पाणी वाहून गेलं आणि मागे एकेक रेघ उमटत आली, निळसर काळी, वळणावर वळण, पुळणीवर ओहोटीच्या पाण्यानं काढाव्यात तशी. संपूर्ण अंगठा. फक्त मधोमध वालाच्या दाण्याएवढी एक जागा कोरी राहिली होती. तिथे रेघा येऊन थांबत होत्या आणि पलीकडून पुन्हा सुरू होत होत्या. भाजल्याची जुनी खूण असेल, त्या तारेच्या कडीची. किंवा काच धरताना अंगठा तेवढा टेकलाच नसेल. किंवा तिसरं काही. सगुणानं पेन्सिल घेतली, काचेच्या चिठ्ठीवर तारीख आणि मालूचं नाव घातलं, आणि त्या पांढऱ्या जागेसाठी शब्द शोधत पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं. आतल्या खोलीत टाइपरायटर अडखळत चालला होता. टोक तिथेच राहिलं. मग तिनं ते उचललं, चिठ्ठीतली तेवढी जागा तशीच सोडली, आणि काच वाळत घातली.